घरी शिजवलेला क्ले: पाळणाघरात आठ महिने वापरल्यानंतर

जून ते जानेवारी, दुपारची झोप झाल्यावर, ३ ते ७ वयाची सहा-सात मुलं. एवढ्या वापरानंतर मत पक्कं आहे: आई-बाबा येईपर्यंतचा वेळ निभावायला मैद्याच्या क्लेइतकं स्वस्त आणि पुरून उरणारं दुसरं काही नाही. पावसाळ्यात मात्र तो छळतो.

प्रमाण असं: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, २ वाट्या पाणी, २ मोठे चमचे तेल, २ मोठे चमचे लिंबाचा रस. थंड पाण्यात मीठ नीट ढवळून घ्या, मग मैदा थोडा थोडा घालत गुठळ्या मोडा, शेवटी तेल आणि रस. नॉनस्टिक कढईत मंद आचेवर सतत हलवत राहिलं की पाच-सात मिनिटांत गोळा कडा सोडतो, मोदकाच्या उकडीसारखा दिसतो. बहुतेक जण इथेच घाईने गॅस बंद करतात. बोटाला चिकटतोय म्हणजे कच्चा आहे, अजून मिनिटभर ठेवा. कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळा.

न शिजवता नुसती कणीक भिजवून दिली तर? लाटलं की आक्रसते, केलेला हत्ती दहा मिनिटांत बसतो. शिजवल्यावर मैद्यातला स्टार्च फुगून घट्ट होतो, म्हणून आकार टिकतो. जाडं मीठ नको. खडे राहतात आणि हाताला टोचतात.

रंगासाठी खायचा रंग सर्वांत बरा. बिटाचा रस हौशीने घालतात, पण शिजताना तो तपकिरी होतो. घालायचाच तर मळताना. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, फक्त कपड्यांना लागतो आणि साबणाने हात धुताना लाल होतो. मुलांना ही जादू क्लेपेक्षा जास्त आवडते! वाटीत हळदीचं पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा दिला की आणखी दहा मिनिटं सुटतात.

आता पावसाळा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे जुलैत उघडा राहिलेला गोळा संध्याकाळपर्यंत पाझरायला लागतो. चमचाभर कोरडा मैदा मळून घ्या, पुन्हा शिजवत बसू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, तीन-चार आठवडे टिकतो. वास बदलला किंवा काळा ठिपका दिसला की सगळा गोळा टाकायचा, तेवढाच भाग काढून चालत नाही. थंडीत उलट तडे जातात. त्यावर पाण्याचे थेंब आणि पाच मिनिटं मळणं पुरतं.

साच्यांवर पैसे घालवू नका. बाटलीची झाकणं, कंगवा, जुना चमचा, लहान लाटणं, बस्स. पाच वर्षांपुढच्यांना सोऱ्या द्या, पण प्लॅस्टिकचा. पितळी सोऱ्यावर मीठ आणि लिंबाने हिरवट थर चढतो, तो पुन्हा चकलीला वापरू नये.

सगळ्यात जास्त चाललेला खेळ मात्र वळवटाचा, म्हणजे खिरीसाठी हाताने वळतात तसल्या प्रकारांचा: बारीक वळी करून गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले तोडायचे, नखावर दाबून नखुल्या करायच्या. तीन वर्षांच्या मुलाला वळी जमत नाही, त्याला लाडू वळू द्या. पाच-सहा वर्षांची मुलं अर्धा तास मान वर करत नाहीत, आणि चिमटीची ताकद वाढते ती पेन्सिल धरायला कामाला येते. शर्यत लावू नका. लहानगी लगेच रडकुंडीला येतात.

दोन वर्षांखालच्या मुलांना हा क्ले देऊच नका. एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे. मोठ्या मुलांनाही एकटं सोडू नका. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही डबा दूर ठेवा. हाताला जखम असेल तर चुरचुरतं, त्या दिवशी चित्रं काढू द्या. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी हा गोळा नाहीच. तांदळाच्या पिठाचा करता येतो, पण तो लवकर तुटतो.

सतरंजीवर सांडलेला क्ले ओल्या फडक्याने पुसलात की खळ तयार होते. रात्रभर वाळू द्या, सकाळी झाडूने निघतो.