भारत गृह रक्षा पॉलिसी : घरसामानाचा विमा किती रकमेचा घ्यावा?

आमचं घर सांखळीत आहे, चिऱ्यांच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं. घराचा विमा आम्ही भारत गृह रक्षा पॉलिसीत उतरवला आहे आणि त्यात एकदा क्लेमही घेतला आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. पॉलिसी चांगली आहे. गोव्यात ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी ती घ्यावी असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते. मात्र घरसामानासाठी ती आपोआप जी रक्कम धरते, ती आमच्यासारख्या घराला पुरत नाही. ती कशी वाढवायची हाच मुख्य मुद्दा आहे.

मी इथल्या एका पतसंस्थेत तारणकर्जाचं काम बघते. गृहकर्ज काढलेल्या लोकांचे कागद रोज हाताखालून जातात. बहुतेकांकडे विमा असतो, कारण कर्ज देणाऱ्यानं तो मागितलेला असतो, पण तो फक्त इमारतीचा. आत फ्रिज आहे, कपाटं आहेत, लग्नात घेतलेल्या साड्या आहेत, त्यांचा कुठेच उल्लेख नसतो. २०२१ साली १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि २३ जुलैला म्हादईच्या पुरानं सत्तरी-डिचोलीत घरं पाडली. तेव्हा ज्यांची घरं उभी राहिली त्यांच्याही घरातलं सामान मात्र चिखलात गेलं. गाद्या, धान्याचे डबे, पोरांची पुस्तकं रस्त्याकडेला वाळत घातलेली मी पाहिली आहेत. इमारतीचा विमा असूनही त्या सामानाचा एक पैसा मिळायची सोय नव्हती.

योगायोगानं त्याच वर्षी, १ एप्रिल २०२१ पासून, विमा नियामकानं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी विकणं बंधनकारक केलं. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, झाड कोसळणं, पाण्याची टाकी फुटणं, दंगल हे सगळं त्यात येतं.

आता रकमेचा हिशेब. इमारतीची विमारकम काढताना जमिनीची किंमत धरत नाहीत. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढंच. आमचं क्षेत्र १,१०० चौरस फूट, दर २,००० रुपये धरला, म्हणजे २२ लाख. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला की इमारतीच्या रकमेच्या २० टक्के एवढं घरसामान, यादी न देता, आपोआप धरलं जातं. त्याला १० लाखांची कमाल मर्यादा आहे. आमचे झाले ४ लाख ४० हजार. विमा कंपनीच्या शाखेतला मुलगा म्हणाला, "काकी, एवढं पुष्कळ झालं. यादी द्यायची कटकट नाही."

मी ती कटकट केली. एका रविवारी वही घेऊन खोली खोली फिरले. प्रत्येक वस्तूपुढे लिहायची किंमत एकच, ती आज दुकानातून नवी आणायला किती लागतील. बारा वर्षांपूर्वी काय दिले होते आणि आता भंगारात काय येईल हे दोन्ही इथे निरुपयोगी, कारण या पॉलिसीत सामानाची भरपाई दुरुस्तीच्या किंवा तशीच वस्तू पुन्हा घेण्याच्या खर्चावर ठरते. स्वयंपाकघर मी पन्नास-साठ हजारांत आटपेल असं धरलं होतं. फ्रिज, गॅस, मिक्सर, पाण्याचा फिल्टर लिहून झाल्यावर मी फडताळ उघडलं. कुकर तीन, इडलीपात्र, कल्हईची पातेली, चवथीला पंगतीसाठी काढतो ती मोठी टोपं आणि स्टीलची ताटं-वाट्या. ही भांडी एकेक करून आयुष्यभरात जमलेली असतात, म्हणून त्यांची एकत्र किंमत कधी डोळ्यांपुढे येत नाही. स्वयंपाकघराचे १ लाख ४५ हजार झाले. कपड्यांचं तसंच. माझ्या, सासूबाईंच्या आणि सुनेच्या साड्या, पुरुषांचे कपडे, पांघरुणं मिळून १ लाख ६० हजार. देवघरातल्या पितळेच्या समया, पंचारती, घंटा वेगळ्या. पंप, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन पडवीत असतात. खोल्या फिरताना ती राहून जातात, म्हणून पडवीही मोजा. एकूण बेरीज ८ लाख ७५ हजार. आपोआप मिळणाऱ्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट.

मग पूर्ण रकमेचा विमा घ्यायचा की कमी चालेल? यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. यजमानांचं म्हणणं, पूर आला तर कमरेएवढं पाणी येईल, वरच्या फळीवरचं वाचेल. मग पाच लाख पुरे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण या पॉलिसीत कमी विम्याचा दंड नाही. पूर्वीच्या पॉलिसींत सरासरीचं कलम असे. सामान दहा लाखांचं आणि विमा पाच लाखांचा असेल, तर तीन लाखांच्या नुकसानीला दीडच लाख हातात पडत. भारत गृह रक्षामध्ये ते कलम पूर्ण काढून टाकलं आहे. विमारकमेच्या आत नुकसान असेल तर तीनच्या तीन लाख मिळतात. ग्राहकाच्या दृष्टीनं या पॉलिसीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं मला वाटतं.

तरीही मी पूर्ण नऊ लाख लिहायला लावले. पूर अर्धं घर सोडतो, आग सोडत नाही. कौलांखाली वासे, रिपा, पाटई सगळं लाकूड. एकदा पेटलं तर वरची फळी आणि खालची फळी सारखीच. विमा सगळ्यात मोठ्या एकरकमी नुकसानीसाठी असतो, आणि आमच्या घराला ते नुकसान आगीचं आहे. वाढवलेल्या रकमेनं हप्त्यात काहीशे रुपयांचाच फरक पडला. इमारत धरून, १८ टक्के जीएसटीसकट, वर्षाचा आमचा हप्ता दोन हजारांच्या आत आहे. पर्वरीला चौथ्या मजल्यावर सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्यानं आपलं गणित वेगळं मांडावं. त्याला पुराची भीती नाही आणि सगळं घर जळण्याचा धोकाही कमी. त्याला आपोआपची २० टक्के रक्कम पुरेल. भाड्यानं राहणाऱ्याला इमारतीशी देणंघेणं नाही. तो फक्त सामानाचा विमा घेऊ शकतो, पण आपोआपचे २० टक्के त्याला नाहीत, रक्कम स्वतःच सांगावी लागते.

सोनं-चांदी या नऊ लाखांत नाही. दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांना मौल्यवान वस्तू म्हणून वेगळं कलम घ्यावं लागतं आणि त्यांची किंमत आधीच ठरवून घेतात. एकूण ५ लाखांपर्यंत, आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. पण आजच्या सोन्याच्या भावात साधा पाटल्यांचा जोडही लाखाच्या वर जातो, तेव्हा दाखला काढूनच ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहणारे आमच्याकडे खूप येतात. त्यांना सांगते, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमानुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. पूर-भूकंपात बँकेची चूक नसेल तर तेवढंही नाही. रोख रकमेचा आणि घराच्या कागदपत्रांचा विमा या पॉलिसीत होत नाही.

आता क्लेमचा अनुभव. जूनमधल्या एका वादळी रात्री अंगणातल्या फणसाची मोठी फांदी मागच्या खोलीवर पडली. कौलं फुटली, दोन वासे मोडले आणि पाऊस थेट पलंगावर. गादी, प्लायवुडचं कपाट आणि आतले कपडे गेले. सकाळी काही हलवायच्या आधी मुलानं सगळ्याचे फोटो काढले आणि कंपनीला कळवलं. सर्वेक्षक आले, तेव्हा माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. कपाट कधीचं, कुठून घेतलं, आज केवढ्याला मिळतं, हे त्यात होतं. जुनी बिलं सगळ्यांची नव्हतीच. त्यांनी वही, फोटो आणि डिचोलीच्या दुकानाचं नवं कोटेशन जुळवून पाहिलं. पैसे यायला वेळ लागला आणि शाखेत दोनदा आठवण करावी लागली, पण कौलं, वासे आणि सामान मिळून जे मागितलं त्यातलं बहुतेक मिळालं.

नाकारलं ते इन्व्हर्टर. त्याच रात्री वीज कडाडली आणि तो जळला. मला वाटलं वीज पडणं पॉलिसीत आहेच. पण विजेच्या उपकरणात शॉर्टसर्किट, जादा दाब किंवा गळती होऊन तेच उपकरण जळलं, तर त्याची भरपाई नाही, आणि कलमात आकाशातली वीजही स्पष्ट धरलेली आहे. त्या इन्व्हर्टरमुळे पुढे आग पसरली असती तर बाकीच्या सामानाचं मिळालं असतं. गोव्यात मे-जूनला आणि पाऊस परतताना विजा केवढ्या पडतात! त्यामुळे आपल्याकडे हे कलम फार बोचतं. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टरसाठी उपकरण बिघाडाचं वेगळं कलम मिळतं का ते शाखेत विचारा, आणि अर्थिंग नीट करून घ्या.

दुसरी उणीव चोरीची. निव्वळ घरफोडी या मूळ पॉलिसीत नाही. पूर-वादळासारखी विमित घटना घडली आणि त्यामुळे तिच्यापासून ७ दिवसांत सामान चोरीला गेलं, तरच भरपाई. ज्यांचं घर वर्षातले बरेच महिने बंद असतं, मुलं आखातात किंवा मुंबईत, त्यांनी घरफोडीचं संरक्षण जोडून घ्यावं आणि बंद घराबद्दलची अट सही करण्याआधी वाचावी. त्या संरक्षणात बऱ्याचदा सरासरीचं कलम परत येतं, म्हणून तिथे रक्कम कमी लिहून चालत नाही. वाळवी आणि ओलीची बुरशी ही आपली दोन जुनी दुखणी. त्यांचे पैसे कुठलीच पॉलिसी देत नाही. घरात शिवणकाम किंवा पापड-लोणच्याचा धंदा असेल तर त्याचं सामान आणि माल घरसामानात धरू नका. त्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही वेगळी पॉलिसी आहे.

पॉलिसी एकदम १० वर्षांपर्यंत घेता येते. आम्ही दर वर्षी नूतनीकरण करतो, कारण घरात वस्तू वाढतात. यंदा नातवासाठी वातानुकूलन यंत्र बसवलं, लॅपटॉप आला. वहीत भर घातली आणि घरसामानाची रक्कम साडेनऊ लाख करून घेतली. लॅपटॉप घरात असतानाच धरला जातो, मुलगा तो कामाला घेऊन जातो तेव्हा नाही, हे शाखेतल्या त्याच मुलाकडून लेखी घेतलं आहे.