खडेबाजारातले बाइंडर: बाबांच्या वहीचं काम

बाबा मराठी शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या टिपणांची जाडजूड वही कण्यातून सुटली होती, पानं हातात येत होती. एका दुकानात सांगितलं, झेरॉक्स काढून स्पायरल करा, जुनं टाकून द्या. तिथून मी तडक उठले.

बेळगावच्या खडेबाजारातल्या बोळात, पाटी नसलेल्या खोलीत हे बाइंडर बसतात. वही चाळून म्हणाले, "बाई, फर्मे उसवून परत शिवायला लागतंय. पंधरा दिवस द्या की." फर्मे म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे. मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद, कापडी कणा. घेतले ४५० रुपये.

वहीत मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची हकीकत आहे; बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. १८६१ च्या कायद्यानं गव्हर्नर नेमेल तोच सभासद. १८९२ पासून नगरपालिका, लोकल बोर्डं (गावाकडच्या स्थानिक संस्था) नावं सुचवू लागली, नेमणूक मात्र सरकारच्या हातची. १८९५ ला टिळक याच वाटेनं कौन्सिलात गेले. १९०९ ला बिनसरकारी सभासदांची संख्या वरचढ झाली. थेट मतदान आलं १९१९ च्या कायद्यानं, पण आमच्याकडं शेतकऱ्याला जमिनीवर मत हवं तर शेतसारा निदान ३२ रुपये हवा.

त्या पानाला बाबांनी बेळगुंदीच्या पणजोबांची सारापावती चिकटवली आहे. ११ रुपये ४ आणे. गावच्या पंचांत बसणारा माणूस, त्याच्या शब्दावर बांधाची भांडणं मिटायची, आणि १९२० च्या निवडणुकीत त्याला मत नाही! मला अजून राग येतो. पावती घडीवर फाटली होती. बाइंडरनी मागून पातळ कागद असा लावलाय की तलाठ्याची सहीसुद्धा दिसते. एवढ्या एका कामासाठी मी त्यांना दुप्पट पैसे दिले असते.

एक चूक झाली. कडा सारख्या करताना शेवटच्या पानाचा समास कापला गेला. तिथं बाबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आजीचं पहिलं मत, १९५२." आता 'आजीचं पहिलं म' एवढंच उरलंय. त्यांनी माफी मागितली, कातरण केरातून शोधून पाकिटात घालून दिलं. तुम्ही जुनी वही देणार असाल तर कडा कापू नका म्हणून आधीच बजावा. मी आजोबांची पोथी पुढच्या सोमवारी त्यांच्याकडंच नेणार आहे.