लायटर सॉकेटमधला व्होल्टमीटर: आठ महिने वापरल्यावर

280 रुपयांचा, अंगठ्याएवढा मीटर. डिसेंबरात घेतला, तोही वैतागून. माझ्या जुन्या डिझेल गाडीने त्या थंडीत दोनदा सकाळी सेल्फ घेतला नाही. "बॅटरी गेली साहेब," म्हणत दुकानदाराने जुनी घेऊन नवी बसवली, वर 5,200 घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा तेच, नुसतं कट-कट-कट.

मीटर लावल्यावर पहिले दोन दिवस सगळं ठीक. सकाळी गाडी बंद असताना 12.4 व्होल्ट, सुरू केली की 14.1. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या अलीकडे गतिरोधकावरून गाडी उतरली आणि आकडा 12.3 वर आला. पुढच्या खड्ड्यात परत 14.1. इंजिन चालू असताना 12.3 म्हणजे डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर) काहीच देत नाही, दिवे-ब्लोअर सगळे बॅटरी खातायत. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेवढ्यात लुकलुकायचा, पण उन्हात तो कुणाला दिसतो!

द्वारका सर्कलजवळच्या वायरमनने चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघतो म्हटलं. मी हात धरला. भार असा अचानक तुटला की व्होल्टेज उसळतं, डायोड उडतात, कधी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही. मग त्याने डायनॅमो उतरवून खोलला. कार्बन, म्हणजे कड्यांना टेकून करंट देणारे ब्रश, झिजून नखाएवढे उरले होते. रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, वाइंडिंगला करंट याच कार्बनमधून, फिरत्या तांब्याच्या कड्यांवरून मिळतो. तो मिळाला तरच रोटर चुंबक होतो आणि भोवतीच्या स्टेटरमध्ये वीज तयार होते. हादऱ्याने कार्बन कड्यापासून सुटला की चुंबकही गेलं, चार्जिंगही गेलं. स्टेटरमधली वीज एसी असते, ती डायोड प्लेट डीसी करते. कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, रोटरचा करंट कमीजास्त करून व्होल्टेज धरून ठेवतो. कार्बन या कटआउटलाच जोडलेले, म्हणून अख्खा सेट बदलला. बेअरिंगही वाजत होतं. मजुरीसकट 1,900.

त्यानंतर आकड्यांची सवयच लागली. थंडीत पहाटे 14.4, मे महिन्यात द्वारका सर्कलला अडकलो की 13.7. आधी धसका घेतला होता, पण तापल्यावर रेग्युलेटर मुद्दाम व्होल्टेज थोडं खाली ठेवतो. जुलैत कसारा घाटात धो धो पाऊस, हेडलाइट, वायपर, काच पुसायला एसी, आणि ट्रकमागे गाडी रांगतेय: 13.2. ॲक्सिलरेटर जरा दाबला की लगेच 13.9. आयडलला डायनॅमो हळू फिरतो, तेवढ्याचं भागवत नाही इतकंच. 15 च्या वर मात्र कधीही गेला तर गाडी थेट वायरमनकडे न्यायची, बॅटरी उकळते.

मीटरचं वाईट: निळा उजेड रात्री डोळ्यात खुपतो, मी वर इन्सुलेशन टेप चिकटवलीय. सॉकेटपर्यंतच्या वायरीत व्होल्टेज पडतं म्हणून बॅटरीवर मोजल्यापेक्षा 0.2 कमी दाखवतो. त्र्यंबक रोडवर दोनदा निसटून पायाशी पडला. एखादा डायोड गेला तर तेही यावर कळेलच असं नाही.

जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये गेली ती गेलीच. बहुधा ती धडधाकट होती.