सामायिक संगणकासाठी उबुंटू 24.04 : सुरक्षेच्या दृष्टीने परीक्षण

सांगलीतील विश्रामबाग भागातल्या आमच्या अभ्यासिकेतील संगणक दिवसभर वेगवेगळे विद्यार्थी वापरतात. त्यावर सध्या उबुंटू 24.04 ही ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली) आहे आणि नवख्या मंडळींच्या हाती देण्याजोगी ही प्रणाली आहे, असे माझे मत झाले आहे.

सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ विभागात ‘युजर्स’ उघडून प्रत्येकाचे स्वतंत्र खाते काढता येते. तेथील ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चे बटण एका जबाबदार व्यक्तीशिवाय कोणासाठीही सुरू करू नये, कारण तो अधिकार मिळालेल्याला सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने काम करवून घेणारी आज्ञा) वापरून इतरांच्या फायलीही वाचता येतात. 21.04 या आवृत्तीपासून नव्या खात्याच्या होम फोल्डरला (त्याच्या स्वतःच्या फायलींच्या जागेला) 750 ही परवानगी मिळते, म्हणजे शेजारच्या खात्यातून त्यात डोकावता येत नाही; मात्र जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या संगणकावर आधीची 755 ही परवानगी, जिच्यामुळे इतरांना आत पाहता येते, तशीच राहते आणि ती हाताने बदलावी लागते. ही गोष्ट नवख्याला पडद्यावर कोठेही सांगितली जात नाही, ही माझी मुख्य तक्रार.

फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) सोबत येते, पण बंद अवस्थेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘sudo ufw enable’ एवढी आज्ञा दिल्याने ती सुरू होते. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतात, त्यांना हात लावू नये. संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन (परवलीच्या शब्दाशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी सोय) घरच्या लॅपटॉपला उत्तम. येथे मात्र संगणक सुरू करणाऱ्या प्रत्येकाला परवलीचा शब्द सांगावा लागला असता, म्हणून आम्ही ते टाळले. पूर्वीचे ‘गेस्ट’ सत्र (खाते नसतानाही तात्पुरते वापरण्याची सोय) आता नाही, त्यामुळे अधूनमधून येणाऱ्यांसाठी वेगळे साधे खाते ठेवावे लागते.