टीआय-८४ प्लस, आठ महिन्यांनंतर: रॅम उडाल्यावर काय वाचतं आणि काय जातं

टीआय-८४ प्लस हे आलेख काढणारं कॅल्क्युलेटर. त्याचे आलेख, बटणं, पडदा याबद्दल सगळ्यांना माहीत आहे तेवढंच सांगता येईल, म्हणून ते सोडतो. आठ महिने रोज वापरल्यावर एकच गोष्ट खटकत राहते. तुम्ही लिहिलेले प्रोग्रॅम, भरलेल्या याद्या, मॅट्रिक्स हे सगळं २४ केबी रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, राहतं आणि एका क्रॅशमध्ये साफ होतं. शेजारी ४८० केबीची फ्लॅश आर्काइव्ह, म्हणजे क्रॅशमध्येही टिकणारी साठवण, मोकळी पडलेली असते, पण कॅल्क्युलेटर आपणहून तिथे काहीच ठेवत नाही. एवढी जागा दिली आणि आपोआप जपायची सोय दिली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मशीन अडकलं असं वाटलं तर लगेच बॅटरीला हात लावू नका. कोपऱ्यात वर उजवीकडे बघा. बारीक उभी रेघ सरकत असेल तर हिशोब चालू आहे. रेघ ठिपक्यांची असेल तर प्रोग्रॅम पॉजवर थांबलाय, एंटर दाबलं की पुढे जातो. रेघ सरकत राहिली आणि काम संपेना, तर ऑन दाबून धरा. ‘एरर ब्रेक’ आला म्हणजे प्रोग्रॅम न संपणाऱ्या लूपमध्ये होता. क्विट करा, काहीही गेलेलं नाही. पडदा पूर्ण कोरा किंवा पूर्ण काळा असेल तर आधी कॉन्ट्रास्ट तपासा: सेकंड (2nd) बटण दाबून सोडा, मग वरचा बाण धरून ठेवला की गडद होतो, खालचा धरला की फिका. नव्या बॅटऱ्या घातल्यावर पडदा काळाकुट्ट दिसतो तो यामुळेच.

खरा क्रॅश बहुतेक वेळा असेंब्ली (प्रोसेसरच्याच भाषेतल्या) प्रोग्रॅममुळे होतो, कारण तो थेट प्रोसेसरवर चालतो आणि ऑन बटणाची दखल घेईलच असं नाही. तेव्हा चारपैकी एक एएए बॅटरी काढा, परत बसवा, ऑन दाबा. इथे बहुधा ‘रॅम क्लीअर्ड’ दिसतं. तरीही चालू होता होता पुन्हा अडकत असेल तर क्लीअर दाबून ठेवून बॅटरी बसवा आणि क्लीअर न सोडता ऑन दाबा. डिलीट दाबून बॅटरी बसवणं हा शेवटचा उपाय. त्याने मशीन नवी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायच्या स्थितीत जातं आणि मग कॉम्प्युटर किंवा दुसरं कॅल्क्युलेटर जोडल्याशिवाय सुटका नाही.

रॅम साफ झाल्यावर सेटिंगही मूळ पदावर येतात, आणि घात इथे होतो. कोन पुन्हा रेडियनमध्ये जातो. साइन ३० काढलंत आणि ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर मोडमध्ये जाऊन डिग्री करा. डायग्नोस्टिकही बंद होतं, त्यामुळे रिग्रेशनमध्ये (आकड्यांना रेषा जुळवताना) आर आणि आर-वर्ग, म्हणजे जुळणी किती चांगली ते सांगणारे आकडे, दिसत नाहीत. कॅटलॉगमधून ‘डायग्नोस्टिक ऑन’ निवडून दोनदा एंटर.

आता मूळ दुखण्याकडे येतो. सेकंड, मेम (मेमरी मेनू), मग २ घेऊन यादीत नावावर एंटर दाबलं की शेजारी तारा उमटतो, म्हणजे ती गोष्ट आर्काइव्हमध्ये गेली. पण आर्काइव्हमधला प्रोग्रॅम चालवायला गेलं की ‘एरर आर्काइव्ह्ड’. चालवायचा तर आधी रॅममध्ये आणा. म्हणजे जो प्रोग्रॅम मशीन पाडतो, तो पडण्याच्या क्षणी रॅममध्येच असतो आणि आर्काइव्ह त्याच्या काहीच कामाची नाही! पहिले काही महिने या सोयीला मी निव्वळ दिखाऊ समजत होतो.

ग्रुप नीट वापरायला लागल्यावर हे मत बदललं. ग्रुपमध्ये वस्तूची (प्रोग्रॅम, यादी वगैरे) प्रत आर्काइव्हमध्ये जाते आणि मूळ प्रत रॅममध्येच चालू राहते. सेकंड, मेम, ८, क्रिएट न्यू. आठ अक्षरांपर्यंत नाव द्या, हवं ते एंटरने निवडा, निवडलेल्यासमोर छोटा काळा चौकोन येतो. उजव्या बाणाने डनवर जाऊन एंटर. रॅम उडाली की त्याच मेनूत अनग्रुप. नाव आधीपासून असेल तर ओव्हरराइट की ओमिट असं विचारतं. दोन अटी मात्र आहेत. आधीच आर्काइव्ह केलेली वस्तू ग्रुपमध्ये घेता येत नाही, आणि जुन्या ग्रुपचंच नाव पुन्हा दिलं तर ‘एरर डुप्लिकेट’ येतो. म्हणून नावात आकडा ठेवा: बीके१, बीके२. नवा झाला की जुना पुसा.

सतत पुसापुशी केली की कधीतरी ‘गार्बेज कलेक्ट?’ विचारतं. फ्लॅशमध्ये पुसलेली वस्तू लगेच जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. सफाईच्या वेळी चालू वस्तू हलवून जागा मोकळी केली जाते. नो म्हटलंत तर ‘आर्काइव्ह फुल’ म्हणून काम अडतं. येस म्हणा आणि ते संपेपर्यंत बॅटरीला हात लावू नका. बॅटऱ्या उतरल्या असतील तर आधी बदला, मग सफाई.

एएए बदलताना दर वेळी रॅम साफ होत असेल तर दोष प्रोग्रॅमचा नाही, बॅकअपची बटण बॅटरी संपलीय. ती एसआर४४एसडब्ल्यू किंवा ३०३, सिल्व्हर ऑक्साइडची. छोट्या स्क्रूच्या झाकणाखाली असते, अधिक चिन्ह वर ठेवून बसवायची. कॅल्क्युलेटर बंद करा, एएए जागेवर असू द्या आणि दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या एकाच वेळी कधीही काढू नका. तीन-चार वर्षांनी ती बदलायचीच. एवढ्याशा बॅटरीसाठी कंजूषपणा करून महिन्यांची मेहनत पणाला लावण्यात अर्थ नाही.

कॉम्प्युटरवर प्रत ठेवायला मिनी-यूएसबी केबल आणि टीआय कनेक्ट पुरतं. दुसऱ्या कॅल्क्युलेटरला लिंक मेनूतून ‘बॅकअप’ पाठवताना जपा: समोरच्या मशीनमध्ये रॅममध्ये जे काही असेल ते त्याने पुसलं जातं. मित्राला एखादा प्रोग्रॅम द्यायचा असेल तर तो एकटाच निवडून पाठवा.