दुकानी लेबलचा ई-फ्लॅट ट्यूबा: आवाज बरा, तोंड मात्र भलत्या उंचीवर

गेल्या महिन्यात ऐन तालमीत माझ्या ट्यूबाच्या, म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायच्या भल्यामोठ्या पितळी वाद्याच्या, लीडपाइपचा (माऊथपीस बसतं त्या पहिल्या नळीचा) डाग, म्हणजे डागलेला जोड, सुटला आणि नळी माऊथपीससकट हलायला लागली. दुकानाला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, 'आपटल्याची खूण दिसते, वॉरंटीत बसत नाही.' आपटायला हा जातो कुठे? घर ते बँडचा हॉल, तेही गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून. त्या वादाच्या रागातच हे लिहायला बसले.

चार पिस्टन (बोटांनी दाबायचे), कॉम्पेन्सेटिंग (खालचे स्वर आपोआप जागेवर आणणारा, कसं ते पुढे), चीनमध्ये बनलेला आणि दुकानाने आपलं नाव ठोकलेला माल. इथे इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या ब्रास बँडमध्ये याच घाटाचे नामवंत कंपन्यांचे ट्यूबा असतात, पण त्यांच्या किमतीत माझा संसार हलेल. म्हणून हा. आवाज मधल्या पट्टीत गोल, पिस्टन तेल घातल्यावर पळतात, लॅकर अजून शाबूत. इथवर पैसे वसूल.

आता मुद्द्याचं. माझी उंची पाच फूट एक इंच. ट्यूबा मांडीवर ठेवला की माऊथपीस थेट नाकासमोर. मग हनुवटी वर, मान ताठ, घसा आवळलेला आणि ओठांवर दाब वेडावाकडा. ट्यूबा स्वतःकडे कलवला तर उजवं मनगट मुरगळतं. मांड्यांच्या मधे, खुर्चीच्या कडेवर टेकवला तर तोंड बरोबर जागी येतं, पण आमच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे उतरत्या; दोन ओळी वाजवेपर्यंत ट्यूबा पोटात. सगळे म्हणाले, स्टँड घे. बऱ्या स्टँडची किंमत बघितली आणि खुर्चीखाली लाकडी पाचरी सरकवल्या. अजून त्याच आहेत.

बॅगेचे कप्पे किती, माऊथपीस फुकट कोणतं, हे सगळं जाहिरातीत असतं. लीडपाइप बुडापासून किती उंचीवर आहे, हे एकही दुकान लिहीत नाही. सूझाफोनला, म्हणजे अंगाभोवती घालायच्या ट्यूबाला, मान आणि तिचे छोटे तुकडे फिरवून माऊथपीस तोंडापाशी आणता येतं. आपल्याकडच्या वरातीत तो खांद्यावर घालून फिरणारा माणूस मान वाकडी न करता वाजवतो ते त्यामुळेच. हे वाद्य 1890 च्या दशकातलं! बसून वाजवायच्या ट्यूबाला अजून ती सोय नाही. वाजवणाऱ्यानेच आपली उंची वाद्याला जुळवून घ्यायची.

सुरुवातीला माझा दुसरा राग चौथ्या पिस्टनवर होता. तो दाबून खालचे स्वर काढले की फुंक कोंडल्यासारखी वाटायची. कारण सरळ आहे. पिस्टन दाबला की हवा त्याच्या जादा नळीतून फिरते आणि स्वर उतरतो. प्रत्येक पिस्टनची ही नळी वाद्याच्या मूळ लांबीच्या हिशोबाने कापलेली असते. चौथ्याने ती लांबी वाढवली की बाकीच्यांच्या नळ्या तोकड्या पडतात आणि स्वर चढतात. लंडनच्या बूझी या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड ब्लेकली यांनी 1874 मध्ये यावर तोड काढली: चौथा दाबल्यावर हवा पहिल्या तीन पिस्टनमधून पुन्हा एकदा फिरते आणि कमी पडलेली नळी तिथल्या छोट्या वेटोळ्यांतून भरून निघते. स्वर जागेवर, पण वळणं वाढली, म्हणून अडल्यासारखं होतं.

हे मत आता बरंच निवळलंय. फुंक अडली की आपण जोर लावतो आणि ती आणखी अडते. शिकागो सिंफनीत 1944 ते 1988 ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्ज यांची फुप्फुसं फारशी धड नव्हती, तरी त्यांचा धडा हाच: हवा भरपूर, दाब कमी. ट्यूबाला ट्रम्पेटसारखा दाब लागतच नाही. तोंड आतून 'ओ' म्हणताना असतं तसं मोकळं ठेवून, गरम श्वास सोडल्यासारखं फुंकलं की तोच खालचा स्वर सुटतो. आमचे कंडक्टर म्हणतात, 'ढकलू नकोस, वाहू दे.' फक्त हनुवटी छताकडे असताना हे होत नाही. म्हणजे गाडी पुन्हा लीडपाइपवर.

तर दुरुस्ती. दुकानाचा नाद सोडून गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. ते म्हणाले, 'डाग सुटलेलाच आहे, तर नळी जरा खाली घेऊ का?' मला खुर्चीवर बसवलं, ट्यूबा मांडीवर दिला, डोळे मिटून वाजवायच्या स्थितीत बसायला सांगितलं आणि माऊथपीस तोंडाशी कुठे येतं ते बेलवर, म्हणजे कर्ण्यावर, खडूने आखलं. पिस्टनकडचं टोक तिथेच ठेवून नळी थोडी फिरवली, किंचित वाकवली, नवे टेकू डागले. जेमतेम दोन बोटं खाली आली असेल. पण वरचे स्वर आता मान न ताणता लागतात आणि लांब ओळ एका दमात निघते. पैसे घेतले ते स्टँडच्या किमतीच्या निम्म्यानेही कमी.

उंच माणसाने हा ट्यूबा डोळे झाकून घ्यावा. बुटक्यांनी आधी दुकानात बसून, आपल्या माऊथपीसने, निदान अर्धा तास वाजवावा आणि उभ्याउभ्या फुंकून 'छान आहे' म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नये. माझ्याकडून साडेतीन तारे, त्यातला एक कारागिराचा. दुकानाची ताजी मेल अशी की नळी हलवल्यामुळे उरलेली वॉरंटीही रद्द. गेली तर गेली, तशीही ती लागू कशाला होत होती?