घास कापायला ड्रमवाला मोअर: सव्वा वर्ष वापरल्यावर

आमच्या राहुरीकडे नुसतं ‘घास’ म्हटलं की लसूणघासच. बाकी सगळं गवत. माझ्याकडे अडीच एकर घास आहे, राहुरी कृषी विद्यापीठाचा आर.एल. ८८ वाण, आणि रब्बीत एकरभर ओट. गोठ्यात अठरा गाया. मालक एमआयडीसीत शिफ्टला जातात, त्यामुळे ट्रॅक्टर, गोठा आणि मुरघास (हवा बंद करून आंबवलेला चारा) हे तिन्ही माझ्याच गळ्यात.

घास दर पंचवीस-तीस दिवसांनी कापणीला येतो. एकरभर कापायचा तर सात-आठ बाया आणि पुरा दिवस लागतो. ऊसतोड सुरू झाली की चारशे रुपये देऊनही बाया मिळत नाहीत. घास काही थांबत नाही. फुलावर आला की काडी जाड होते, गाया पानं खातात आणि काड्या गव्हाणीत सोडून देतात. म्हणून मोअर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचं चारा कापायचं यंत्र.

त्याआधी दिरांनी एक प्रयोग केला होता. उसाचं पाचट बारीक करायचा मल्चर घरात होताच, तोच घासावर घातला. कापला, बारीकही झाला, सगळे खूश. दीड महिन्याने मुरघासाची बॅग उघडली तर कुजक्या लोण्यासारखा भपकारा. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, “हे गाईला नको गं, उकिरड्यावर टाक.” मल्चर जमिनीवरची माती आणि जुना पाला ओढून चाऱ्यात मिसळतो. माती आली की नको ते जिवाणू आले, आणि मुरघास आंबण्याऐवजी सडतो. त्यात घासात साखर मुळातच कमी, म्हणून तो मक्यासारखा सहज आंबतही नाही. त्या बॅगांनी मला एक गोष्ट शिकवली. मोअर किती वेगात कापतो हे मागाहून बघायचं, आधी बघायचं तो चारा किती स्वच्छ ठेवतो ते.

पर्याय तीन होते.

पहिला कात्रीवाला कटर बार. ओळखीतल्या एकांचा दोन दिवस आणून बघितला. खरं सांगते, कापणी याच्याइतकी सुबक कोणाची नाही. खुंट सरळ कापला जातो, त्यामुळे फूटही चांगली येते. ताकद कमी लागते, छोट्या ट्रॅक्टरलाही चालतो, आणि कापलेला घास जागच्या जागी पसरून पडतो म्हणून लवकर सुकतो. पण वाऱ्याने लोळलेला घास आला की कटर बारच्या लोखंडी बोटांत गुंता होतो. दर वीस पावलांवर उतरा, बोटं मोकळी करा, पुन्हा चढा. दुसऱ्या दिवशी दोन पात्यांचे रिव्हेट तुटले. ज्यांचा घास उभा राहतो आणि घरात धार लावणारा माणूस आहे त्यांनी हाच घ्यावा. माझ्याकडे दोन्ही नाही.

दुसरा डिस्कवाला. डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात जवळून पाहिला. ड्रमपेक्षा हलका, कापणीचा पट्टा रुंद, दिसायला देखणा. पण सगळे गिअर खालच्या चपट्या पेटीत, जमिनीला लागून. आमच्या रानात नांगरट झाली की दरवर्षी नवे धोंडे वर येतात. ती पेटी एकदा उघडायची वेळ आली तर तालुक्यात ती कोण बसवणार, हा प्रश्न मी स्टॉलवरच्या मुलाला विचारला. तो म्हणाला, “मॅडम, पुण्याहून माणूस येईल.” माझा निर्णय तिथेच झाला.

तिसरा दोन ड्रमचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये हाच घेतला. कापणीची रुंदी १.३५ मीटर, म्हणजे साडेचार फूट. १.६५ मीटरचाही मिळत होता, पण माझे तुकडे लहान. ट्रॅक्टर महिंद्रा ५७५, ४५ एचपीचा. त्याला हे काम हलकंच जातं. मात्र मोअर साडेतीनशे किलोच्या घरात आणि सगळं वजन उजव्या अंगाला, त्यामुळे अगदी छोट्या ट्रॅक्टरला लावून पुढचं तोंड उचलून घेऊ नका. सगळं धरून पावणेदोन लाखांच्या आसपास पडला. सात महिन्यांनी, सप्टेंबरात, जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नशीब म्हणतात ते हेच.

यंत्र साधं आहे. दोन ड्रम एकमेकांकडे उलटे फिरतात, प्रत्येकाला तीन सुटी पाती. कापलेला घास दोन्ही ड्रमच्या मधून मागे जातो आणि एकाच ओळीत पडतो. लोळलेला असो, दव पडलेला असो, अडकत नाही. दगड लागला तर पातं मागे सरकतं, मोडत नाही. ड्रमच्या खाली एक बशी असते, ती जमिनीवरून घसरत जाते. बशी आणि ड्रमच्या मध्ये कडी घालून कापणीची उंची वाढवता येते. कंपनीने दिला तसाच वापरला तर फार खालून कापतो. मी कडी घालून तीन इंचांवर आणला. चारा थोडा रानात राहतो, राहू द्या. माती वर येत नाही आणि घासाचा गड्डा सोलवटत नाही.

आता खरी अडचण. हे यंत्र सपाट कुरणासाठी बनवलेलं, आणि आपला घास वाफ्यात. पहिल्याच कापणीत बशी वरंब्यावर चढली, पात्यांनी वरंब्याचा माथा उडवला आणि काळी माती थेट घासाच्या ओळीत. ज्याच्यासाठी मल्चर सोडला तेच पुन्हा! डीलरच्या माणसाला फोन केला तर म्हणे, वरंबे काढून टाका. पाणी काय हवेतून देऊ? पण अर्धं त्याचंही बरोबर निघालं. कार्तिकात नवा घास पेरला तेव्हा चौकोनी वाफे मोडून लांब सारे (पट्ट्यासारखे वाफे) काढले, रुंदी साडेआठ फूट, म्हणजे बरोबर मोअरच्या दोन फेऱ्या. वरंबे बुटके आणि पसरट ठेवले. एका तुकड्यात तुषार सिंचन बसवलं. आता माती जवळजवळ येत नाही. ज्यांचा घास जुन्या वाफ्यात आहे त्यांनी पुढच्या पेरणीपर्यंत मोअरचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कापणीच्या आधी आठवडाभर पाणी बंद. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टरचं चाक गेलं की त्या पट्ट्यात घास महिनाभर रुसतो.

तुषारवरून आठवलं. मेमध्ये एका पाइपाचा उभा तुकडा गवतात दिसला नाही आणि मोअर त्याच्यावर गेला. अशा वेळी मोअर खटका सोडून मागे फिरायला हवा. फिरला नाही. डिलिव्हरीला आलेल्या माणसाने खटक्याची स्प्रिंग इतकी आवळून ठेवली होती की ट्रॅक्टरच आडवा ओढला गेला. पाइप गेला, एक पातं वाकलं. तेव्हा नवीन मोअर घरी आला की पुस्तिकेतलं माप घेऊन ती स्प्रिंग स्वतः तपासा.

त्या वाकलेल्या पात्याच्या जागी मी गावातल्या लोहाराकडून पातं घडवून घेतलं. शंभर रुपये वाचवायला गेले. नवं पातं वजनाला थोडं जड, आणि ड्रम असा थरथरायला लागला की सीटवर दात वाजत होते. पाती कंपनीचीच घ्यावीत आणि एका ड्रमच्या तिन्ही पात्यांच्या वजनात फरक नको. माझी पाती सपाट असल्याने एक धार बोथट झाली की या ड्रमची त्या ड्रमला लावते, दुसरी धार वापरात येते. बदलायला एक लोखंडी दांडा सोबत येतो. सहा पाती, दहा मिनिटं.

वेग म्हणाल तर तासाला एकर, वळणं धरून. पहिली फेरी बांधाकडून मारताना ट्रॅक्टरखालचा घास आडवा होतो, तो शेवटी उलट्या फेरीत घ्यायचा. कापायला मी दहानंतर जाते, दव उडाल्यावर. ड्रमची ओळ जाड पडते, ती तशीच राहिली तर वरून कुरकुरीत आणि आत हिरवीगार. कटर बारपेक्षा ड्रमचा हा एक तोटा धराच. दुपारी दाताळ्याने एकदा पसरवावी लागते, त्याला दोन बाया पुरतात. फेब्रुवारीच्या उन्हात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घास बेताचा सुकतो. फार सुकला की पानं गळतात, आणि घासातलं सगळं सत्त्व पानात. सुकलेल्या घासाची कुट्टी करून ती मुठीत दाबायची. पाणी निघालं तर अजून ओला. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर भरायला घ्यायचा. घासाच्या शंभर किलो कुट्टीला दोन-तीन किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडते. ओटाला गूळ लागत नाही, आणि ओट कापताना हा मोअर गाणं म्हणत जातो.

नेपियर गवताचं विचाराल तर नाही. पुरुषभर उंच झालेलं गवत ड्रमला गुंडाळतं. दीड महिन्याचं कोवळं असेल तर कापतो, पण त्याचं बूड ढेकळासारखं वर आलेलं, बशी त्याच्यावर आपटत जाते. मी एकदा केलं, पुन्हा नाही.

बायकांसाठी एक वेगळं. ट्रॅक्टरकडून मोअरला फिरवणाऱ्या शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं तर त्याच दिवशी बदला. मी साडीवर ट्रॅक्टर चालवत नाही, ड्रेस आणि वर मालकांचा शर्ट. पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा) बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतात. आधी घुमणारा आवाज, मग पात्यांचा खुळखुळ, मग शांत. खुळखुळ थांबेपर्यंत मी सीटवरून उतरत नाही. बाजूचा ताडपत्रीचा पडदा काढून टाकायची काहींना सवय आहे, “घास अडतो” म्हणून. आमच्या त्या पडद्याला दगडाने पडलेली दोन भोकं आहेत.

सव्वा वर्षात खर्च झाला तो पात्यांचे दोन सेट, ग्रीस आणि ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्यांचा (बेल्टचा) एक जोड. पट्टे ढिले पडले की आधी जळका वास येतो, मग ड्रम मंदावतो आणि घास कापण्याऐवजी चावल्यासारखा दिसतो. दुकानदार पट्ट्याचा नंबर विचारतो आणि तो नंबर तोवर पट्ट्यावरून घासून गेलेला असतो. मोअर नवा आहे तोच झाकण उघडून नंबराचा फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता, आणि जुना पट्टा पिशवीत घालून नगरची चार दुकानं फिरले.